गढूळ पाण्यातला शिकारी

ओहोटीची वेळ बघून भाट्याच्या खाडीकाठी बसा. काजळी नदी इथं समुद्राला मिळते. मागे सुरूचं बन, समोर पुलाखालून सावकाश बाहेर पडणारं पाणी, आणि पाणी सरकलं की उघडी पडणारी काळपट चिखलवट. मोबाईल पिशवीत ठेवा. बसायला कोरडी जागा नसेल तर उभे राहा, मनन उभ्यानंही होतं.

आधी नुसतं पाण्याकडे पाहा. पाऊस संपून थोडेच दिवस झाले असतील तर पाणी तांबूस-गढूळ असेल. हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसणार नाहीत. या पाण्याखाली काय हलतंय ते डोळ्यांना कळत नाही, आणि तरी तिथं मासे आहेत, कोळंबी आहे, खेकडे आहेत, त्यांना खाणारेही आहेत. या गढूळपणाकडे थोडा वेळ लक्ष द्या. ज्या जनावराचा विचार करायला आपण बसलो आहोत, त्याचं सगळं आयुष्य अशाच पाण्यात गेलं.

त्याचं नाव रेमिंग्टनोसीटस. ते सस्तन होतं, त्याला चार पाय होते, ते शिकारी होतं, आणि ते देवमाशांच्या कुळातलं होतं. त्याची हाडं कच्छमध्ये सापडली, म्हणजे आपल्याच या पश्चिम किनाऱ्यावर, रत्नागिरीहून वर मुंबई आणि खंबातचं आखात ओलांडलं की पुढे. ते जगलं सुमारे सव्वाचार कोटी वर्षांपूर्वी.

हा आकडा एका दमात गिळू नका. टप्प्याटप्प्यानं मागे जाऊ.

कशेळीच्या कातळावर कोरलेला तो प्रचंड हत्ती तुम्ही पाहिला असेल. उक्षीचा हत्ती, बारसूची ती दोन श्वापदांमधली मनुष्याकृती, देवाचे गोठणे, रुंढे तळी. या कातळशिल्पांत मुशी आहेत, पाकट आहे, आज कोकणात न दिसणारा गेंडा आहे. ज्यांनी ती कोरली त्यांनी ही जनावरं पाहिली असणार, निदान पाहिलेल्यांकडून ऐकली असणार. माणसाची आठवण कोकणात मागे मागे जाते ती एवढीच, काही हजार वर्षं. आपल्याला त्याच्याही कितीतरी मागे जायचंय, म्हणून आता त्या कातळालाच हात घालू. सड्यावरचा हा जांभा मुळात असा नव्हता. काळा दगड ऊन-पावसात लाखो वर्षं कुजत गेला आणि त्याचा जांभा झाला. तो मनातल्या मनात सोलून काढा. त्याच्या खाली काही ठिकाणी करडी चिकणमाती आणि कोळसा झालेल्या लाकडाचे थर लागतात, एका जुन्या जंगलाचे. तेही बाजूला करा, कारण ते जंगलही आपल्या जनावरानंतरचं. आता उरला तो काळा कातळ, सह्याद्रीचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. रेमिंग्टनोसीटस जगत होता तेव्हा हा काळा दगड होता, आणि त्यालाही दोन कोटींहून जास्त वर्षं झालेली होती.

किनाऱ्याची रेघ आजच्या जागी नव्हती. भारताची भूमी विषुववृत्ताच्या आजच्यापेक्षा जवळ होती. ती नुकतीच आशियाला भिडू लागली होती आणि मधला टेथिस समुद्र आवळत चालला होता. हिमालय आजच्यासारखा उभा राहायचा होता. हवा आजच्याहून उष्ण. कच्छच्या बाजूला उथळ आखातं, खाजणं, दलदली. त्याच भागातल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत याच्या थोड्या आधीच्या काळातला एक अवाढव्य साप सापडला. आयआयटी रुरकीच्या देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी २०२४ मध्ये त्याला वासुकी हे नाव दिलं. त्याची लांबी त्यांनी अंदाजे ११ ते १५ मीटर धरली आहे. शेजार असा होता.

आता जनावर जवळून पाहू. घाई नको. नाकापासून सुरुवात करून शेपटीकडे जाऊ.

मुस्कट लांब आणि अरुंद, सुसरीची आठवण यावी असं. खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजू बऱ्याच लांबीपर्यंत एकमेकींना जुळलेल्या, म्हणजे पाण्यात पटकन आडवा फटका मारून मासा पकडायला सोयीचा जबडा. नाकपुड्या अजून पुढेच, मुस्कटाच्या टोकाकडे. आजच्या देवमाशासारख्या त्या डोक्याच्या माथ्यावर सरकलेल्या नाहीत. श्वास घ्यायला त्याला फक्त मुस्कटाचं टोक वर काढावं लागे. तुमच्या समोरच्या पाण्यावर असं एक टोक वर येतंय आणि पुन्हा खाली जातंय, एवढंच क्षणभर डोळ्यांपुढे आणा.

मग डोळे. ते शोधावे लागतात. कवटीतल्या डोळ्यांच्या खोबणी इतक्या लहान की एवढ्या मोठ्या डोक्याला शोभत नाहीत. शिकारी जनावर म्हटलं की आपण वाघाचे डोळे आठवतो, रोखून पाहणारे. इथं तसं काही नाही. या शिकाऱ्यानं पाहण्यावर फारशी मदार ठेवलेलीच नव्हती.

ठेवली होती ती कानावर. दोन्ही कान एकमेकांपासून लांब, कवटीच्या रुंद मागच्या भागात. आणि खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, मागे, एक मोठं भोक. आजच्या डॉल्फिनमध्ये हे भोक फारच मोठं असतं आणि त्यात चरबीची गादी असते. पाण्यातला आवाज जबड्याच्या हाडावर आदळतो, त्या चरबीतून मागे जातो आणि कानाला पोचतो. देवमाशांच्या कुळातल्या सर्वांत जुन्यांपैकी असलेल्या पाकिसीटसमध्ये हे भोक लहान आहे, जमिनीवरच्या जनावरांना साजेसं. नंतरच्या अँब्युलोसीटसमध्ये मोठं. रेमिंग्टनोसीटसमध्ये आणखी मोठं, जबड्याच्या जवळजवळ उंचीइतकं. म्हणजे हे जनावर जबड्यानं ऐकत होतं.

इथं थांबा आणि डोळे मिटा.

खाडीचं पाणी ऐका. आधी वरचे आवाज येतील, पुलावरच्या गाड्या, कावळे, लांबून येणारा होडीच्या इंजिनाचा आवाज. ते येऊ द्या आणि जाऊ द्या. मग पाण्याखालचा विचार करा. आपल्याला तिथलं जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, पण तिथं शांतता नाही. घोळ आणि ढोमा हे आपल्या ताटातले मासे पोटातल्या हवेच्या फुग्याशी असलेले स्नायू थरथरवून आवाज काढतात. खेकडा चालतो, कोळंबी शेपूट झटकते, वाळू सरकते. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगानं जातो. आता हनुवटी पाण्यात बुडवून, स्थिर राहून, हे सगळं हाडातून आत येतंय अशी कल्पना करा. डाव्या बाजूनं जरा आधी, उजव्या बाजूनं जरा नंतर. मासा कुठं आहे ते कळलं. डोळ्यांनी काहीच पाहिलेलं नाही.

वाशिष्ठीतल्या मगरी ज्यांनी चिपळूणजवळ पाहिल्या असतील त्यांना दबा धरून पडणं म्हणजे काय ते सांगायला नको. तासन् तास काही होत नाही आणि मग जे होतं ते डोळा लवण्याआधी होतं. रेमिंग्टनोसीटसची शिकार बहुधा अशीच असावी, फक्त अंग सस्तनाचं, रक्त उष्ण. मगर एकदा खाल्लं की कितीतरी दिवस काढते. उष्ण रक्ताच्या जनावराला ती सवलत नाही, त्याला रोजच्या रोज मासा लागतो. खाडीच्या गढूळ पाण्यात, लहान डोळ्यांनी, रोज. या रोजच्या मेहनतीचा विचार मला सगळ्यात जास्त खेचून घेतो. आपण नामशेष जनावरांची आठवण काढतो ती त्यांच्या आकाराची आणि दातांची. त्यांचे दिवस कसे जात होते ते मनात आणायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायलाच आपण इथं बसलो आहोत.

आता डोळे उघडा आणि मान एकदा उजवीकडून डावीकडे झटकन वळवा. समोरचा पूल जागेवर राहिला, गरगरला नाही. कानाच्या आत तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, डोकं किती आणि कसं फिरलं ते त्या मेंदूला सांगतात, म्हणून जग स्थिर दिसतं. जमिनीवर धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या जनावरात या नळ्या अंगाच्या मानानं चांगल्या मोठ्या असतात. देवमाशांत त्या फारच लहान. २००२ मध्ये काही संशोधकांनी जुन्या देवमाशांच्या कवट्यांतल्या या नळ्या मोजल्या. त्यांत भारत-पाकिस्तानातल्या कवट्या होत्या आणि संशोधकांत सुनील बाजपेयी, किशोर कुमार हे भारतीय अभ्यासकही होते. रेमिंग्टनोसीटसच्या कुळात त्या नळ्या आधीच लहान झालेल्या निघाल्या. पाय होते, पण हरणासारखं वळणं घेत पळण्याची अंगची सोय गेलेली होती.

पाय मात्र भक्कम होते. कंबरेच्या भागातले चार मणके एकमेकांना सांधलेले, आणि कमरेचं हाड त्यांना घट्ट जोडलेलं, वजन पेलायला योग्य असं. पाण्यात मागच्या पायांच्या जोरावर पोहणं, काठावर आलं की जड चालीनं वर चढणं. याच कुळातला एक लहान भाऊबंद, कच्छिसीटस, त्याची शेपटी लांब आणि ताकदवान, पाय आखूड. कोकणातल्या खाड्यांत ऊद दिसतो, पाण्यात शिरला की अंग आणि शेपटी वरखाली लवत जातात, कच्छिसीटस बहुधा तसाच जात असावा. २००० मध्ये बाजपेयी आणि हान्स थेविसन यांनी त्याला हे नाव दिलं.

हे सगळं कळलं कुठून? पश्चिम कच्छमध्ये हरुडी नावाचं गाव आहे. तिथल्या खडकांना भूशास्त्रज्ञ त्याच गावाचं नाव देतात. जिप्समचे तुकडे चमकणारे मातकट थर, आणि त्यांत एक चॉकलेटी रंगाचा चुनखडक. लखनौ विद्यापीठाचे अशोक साहनी आणि विजय प्रकाश मिश्रा यांनी १९७५ मध्ये तिथल्या देवमाशांचं सविस्तर वर्णन छापलं. त्यांनी ज्याला दुसऱ्या एका वंशात घातलं होतं, त्याला पुढे १९८६ मध्ये किशोर कुमार आणि साहनी यांनी रेमिंग्टनोसीटस हे नाव दिलं, अमेरिकेतले देवमाशांचे अभ्यासक रेमिंग्टन केलॉग यांच्या स्मरणार्थ. प्रजातीच्या नावात हरुडी राहिलंच. एक लहानसं गाव कायमचं त्या जनावराच्या नावाला चिकटलं, हे मला फार बरं वाटतं.

पाय असलेलं जनावर देवमाशाच्या कुळातलं कशावरून, हा प्रश्न मनात आला असेल तर तो योग्यच आहे. उत्तर पुन्हा कानात आहे. मधल्या कानाभोवती एक हाडाचं वेष्टण असतं. देवमाशात त्याची आतली कड विलक्षण जाड आणि घट्ट झालेली असते. हातात घेतलं तर मोठी कवडीच वाटावी, एका बाजूनं भरीव, दुसऱ्या बाजूनं पातळ. पाकिसीटसपासून आजच्या निळ्या देवमाशापर्यंत सगळ्यांत ही जाड कड आहे. आणि घोट्याचं हाड? जुन्या देवमाशांचे घोटे २००१ मध्ये अभ्यासकांच्या हाती आले, तेव्हा ते बकरी-हरणाच्या घोट्यासारखेच निघाले, दोन्ही टोकांना कप्पीसारखे. आज जिवंत असलेल्यांत देवमाशांचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे पाणघोडा.

इथं मला एका चित्राविषयी बोलायचंय. पुस्तकांत ते असतं. डावीकडे लांडग्याएवढं चार पायांचं जनावर, मग अँब्युलोसीटस, मग आणखी कुणी, पाय आखूड होत जातात, आणि उजवीकडे पूर्ण देवमासा. ते चित्र चुकीचं आहे असं म्हणत नाही, क्रम दाखवायला त्याचा उपयोग होतो. पण ते पाहता पाहता मधली सगळी जनावरं आपल्याला अर्धवट वाटायला लागतात. धड जमिनीची नाहीत, धड पाण्याची नाहीत, कुठंतरी पोचायच्या वाटेवर असलेली. रेमिंग्टनोसीटस तर त्या वाटेवरही नव्हता. त्याचं कूळ ही बाजूची फांदी. आजच्या देवमाशांचे पूर्वज दुसऱ्या कुळातून आले, आणि हे कूळ चार कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास संपलं. त्याच्या पाठीवर पाय देऊन कुणी पुढे गेलं नाही.

म्हणून त्याच्याकडे तुम्ही आता पुन्हा पाहा, पुढे काय झालं ते विसरून. त्याला निळा देवमासा ठाऊक नव्हता. त्याला त्याची खाडी ठाऊक होती, भरती कधी येते ते ठाऊक होतं, मासे कुठल्या कोपऱ्यात जमतात ते ठाऊक होतं. लहान डोळे त्या गढूळ पाण्याला पुरेसे होते. आखूड पाय काठावर चढायला पुरेसे होते. त्याच्या कुळाची हाडं कच्छ आणि पाकिस्तानात पुन्हा पुन्हा सापडतात, आणि पुढे इजिप्तमध्येही सापडली. टेथिसच्या काठानं हे कूळ चांगलंच पसरलं होतं. इतकं पसरणारं जनावर अर्धवट कसं म्हणायचं?

एक श्वास घ्या, आणि मग पिल्लांचा विचार करा.

बलुचिस्तानात सापडलेल्या मायासीटस नावाच्या दुसऱ्या कुळातल्या जुन्या देवमाशाच्या सांगाड्यात पोटातल्या पिल्लाचीही हाडं होती. फिलिप गिंगरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ती प्रसिद्ध केली. पिल्लाचं डोकं बाहेर येण्याच्या दिशेला होतं. आजच्या देवमाशाचं पिल्लू सहसा शेपटीकडून जन्मतं, कारण जन्मता जन्मता ते बुडू नये. डोकं आधी याचा अर्थ संशोधकांनी असा लावला की ही आई जमिनीवर वीत असावी. पाण्यात शिकार, किनाऱ्यावर बाळंतपण. वेळास, गुहागर, गावखडीच्या वाळूत कासविणी अंडी घालायला येतात, तेवढ्यापुरत्याच त्या जमिनीच्या असतात. या देवमाशांच्या आईला किनारा त्याहून जास्त लागत असणार. पिल्लाला दूध पाजायचं होतं.

रत्नागिरी शहरातल्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या संग्रहालयात देवमाशाचा मोठा सांगाडा ठेवला आहे, पन्नास फुटांहून लांब. तिथं गेलात तर लोक करतात तसं फक्त लांबी मोजून बाहेर पडू नका. मणक्यांच्या ओळीवरून डोळे मागे मागे नेत राहा आणि कंबर कुठं असायला हवी होती ते शोधा. देवमाशाला कमरेची हाडं असतात. मणक्यांना न जोडलेली, मांसात खोल, एवढ्या अंगाच्या मानानं अगदी लहान. सांगाडा साफ करताना ती बऱ्याचदा हरवतात. ती निरुपयोगी उरलेली हाडं आहेत असं पुष्कळ वर्षं सांगितलं गेलं, पण जननेंद्रियांचे स्नायू त्यांनाच जोडलेले असतात, आणि २०१४ च्या एका अभ्यासात नरांच्या या हाडांचा आकार प्रजननातल्या स्पर्धेशी बांधलेला आढळला. डॉल्फिनच्या गर्भात पहिल्या काही आठवड्यांत मागच्या पायांचे कोंबही फुटतात. थोडे वाढतात, मग थांबतात आणि विरून जातात. मांडवीच्या पुढे समुद्रात गादे, म्हणजे डॉल्फिनच, उसळतात, त्यांतल्या प्रत्येकाला आईच्या पोटात काही दिवस चार पायांची सुरुवात झालेली होती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं एक पिल्लू येऊन लागलं. वनखात्याची माणसं, तटरक्षक दल, मच्छीमार, गावकरी, सगळे धावले. अंगावर ओली फडकी टाकली, पाणी ओतत राहिले, भरतीची वाट पाहिली, दोर लावून ओढलं. दुसऱ्या दिवशीही खटपट चालूच होती. शेवटी त्याला खोल पाण्यात सोडता आलं. पण ते वाचलं नाही, मेलेलं पुन्हा सापडलं. पाण्यात तरंगणारं अंग वाळूवर पडलं की स्वतःच्याच वजनाखाली दबतं. छाती फुगवणं अवघड होतं, ऊन लागतं, कातडी सुकते. टनांच्या त्या अंगाला एक पाऊल सरकता येत नाही. रेमिंग्टनोसीटस असा ओहोटीत वाळूवर सापडला असता, तर मागचे पाय रोवून उठला असता आणि चालत पाण्यात गेला असता.